पोचा आतून काढायचा असतो

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली म्हणून मला त्यातलं कळत असेल, असा त्यांचा समज. मी म्हटलं, त्यावर बोलणारे खूप आहेत. मी गाडीच्या पोच्यावर बोलते. फोनवर थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “बरं, वीस मिनिटं.”

हसू नका. सकाळी आत येताना मी शाळेच्या मैदानावर लावलेल्या गाड्या मोजल्या. एकतीस आहेत. त्यातल्या बावीस गाड्यांना कुठे ना कुठे पोचा आहे. मालकांची नावं सांगत नाही. एक गाडी तर पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाची आहे. म्हणजे विषय तुमच्याच दाराशी उभा आहे.

सुरुवात शाळेपासूनच करते. आपल्या वेळी आठवीपासून तांत्रिक विषय घेता येत होता. कानस, करवत, पत्राकाम. वर्गातली बारा मुलं तिकडे गेली. मुलींनी विचारलं नाही आणि आम्हाला कोणी विचारलं नाही. आम्ही शिवणाच्या तासाला. मागच्या पत्र्याच्या शेडमधून हातोडीचा आवाज यायचा आणि मी टीप घालता घालता तिकडे कान लावून बसायचे. मनात थोडी अढी होती, ती आज सांगून टाकते. पण त्याच शिवणाच्या तासाला एक गोष्ट शिकले. भरतकाम झालं की त्यावर वरून इस्त्री फिरवायची नाही. खाली जाड टॉवेल घालायचा, कापड उलटं करायचं आणि मागच्या बाजूने दाबायचं. नाहीतर टाके चपटे होतात. बाई समोर बसल्या आहेत. बाई, हे पंचवीस वर्षांनी उपयोगी पडलं. कसं, ते ऐका.

आमचे अण्णा पोस्टातून निवृत्त झाले आणि २०१२ मध्ये त्यांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली. चंदेरी रंगाची, लहानशी. रोज सकाळी फडक्याने पुसायचे. २०१९ मध्ये बाजारात कुणाची तरी स्कूटर डाव्या मागच्या दाराला घासली आणि वाटीएवढा पोचा आला. मी पुण्याहून आले होते, घाईत होते. एका गॅरेजमध्ये गाडी लावली. त्यांनी सांगितलं, “पूर्ण दार रंगवायला लागेल, साडेचार हजार.” मी हो म्हणून टाकलं. त्यांनी बाहेरून ठोकलं, रंग घासून पत्रा उघडा केला, पुट्टी भरली, घासून सपाट केलं, फवारा मारला. दोन दिवसांत गाडी चकाचक.

पहिला घोटाळा उन्हात दिसला. ते दार शेजारच्या दारापेक्षा किंचित गडद. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारा मारताना ते कसे बसतात यावर छटा ठरते, त्यामुळे डबा तोच असला तरी रंग तोच दिसेल असं नाही. दुसरा घोटाळा दोन पावसाळ्यांनंतर. दाराच्या खालच्या बाजूला रंग फुगला. खाली पुट्टी सुटली होती आणि पत्र्याला गंज धरला होता. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त तेव्हापासून ते गाडी भिंतीकडे डावी बाजू करून लावू लागले.

आता थोडं शास्त्र. सर, चुकलं तर थांबवा.

गाडीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. त्यावरचा रंग म्हणजे एक थर नसतो. कारखान्यात आख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने पहिला थर चढवतात, तो कानाकोपऱ्यात आणि पोकळ्यांच्या आतही जातो. गंजाशी खरी लढाई तोच लढतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, त्यावर पारदर्शक थर. सगळे मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. आणि हे थर भट्टीत भाजलेले असतात. पहिला थर १६० ते १८० अंशांच्या आसपास, वरचे त्याहून थोडे कमी. त्या वेळी गाडीत सीट नसते, वायर नसते, रबर नसतं, म्हणून एवढी उष्णता देता येते. तयार गाडीला गॅरेजमध्ये एवढं तापवता येत नाही. चांगल्या ठिकाणी सुद्धा साठेक अंशांवर वाळवतात. म्हणून कारखान्यातला रंग एकदा खरवडून काढला की तसा पुन्हा चढत नाही. गॅरेजवाला वाईट असतो असं नाही. त्याच्याकडे ती भट्टीच नसते.

दुसरी गोष्ट पत्र्याची. स्टीलची पट्टी थोडी वाकवून सोडली तर ती परत येते. जास्त वाकवली तर तशीच राहते. पोच्यामध्ये या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. मधला थोडा भाग कायमचा वाकलेला असतो, आणि भोवतालचा बराच पत्रा नुसता त्याच्यामुळे अडकून बसलेला असतो. त्याला परत जायचं असतं. मधली घडी हळूहळू मोकळी केली की बाकीचा पत्रा बराचसा आपणहून येतो. पण त्याच जागी हातोडीचा जोरदार ठोका बसला तर पत्रा ताणला जातो, पसरतो. पसरलेला पत्रा पूर्वीच्या जागेत मावत नाही. मग तो कुठेतरी फुगतो, आणि तो फुगवटा लपवायला पुट्टी लागते.

वरचा रंग शाबूत असेल तर पोचा मागच्या बाजूने, लहान लहान दाबांनी काढता येतो. बारीक टोकाच्या लांब सळ्या दाराच्या आत घालायच्या, खिडकीच्या काचेशेजारच्या फटीतून किंवा दाराखालच्या पाणी जाण्याच्या भोकांतून. बाहेरून पत्र्यावर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा धरायचा. सपाट पत्र्यावर पट्ट्या सरळ दिसतात, खड्ड्यापाशी वाकतात. पट्टी बघत बघत आतून दाबायचं. पुण्यात, मुंबईत आता हे काम करणारे लोक आहेत. रंग लागत नाही, पुट्टी लागत नाही, काम बहुतेक वेळा काही तासांत होतं.

आता ज्यासाठी मी उभी राहिले ती गोष्ट.

दोन वर्षांपूर्वी गणपतीला घरी आले तर उजव्या मागच्या दाराला पोचा. वीतभर लांब, उथळ. मी विचारलं, कशाने? अण्णा म्हणाले, “शेजारच्या पोराची सायकल लागली असेल.” तो मुलगा सातवीत. मी तशीच बाहेर गेले आणि त्याला अंगणात उभं करून बोलले. हँडल सांभाळता येत नाही का, विचारायची रीत नाही का, सगळं. तो मान हलवत “मी नाही मावशी” म्हणत राहिला. संध्याकाळी त्याची आई पाकीट घेऊन आली. “ताई, जे काय असेल ते भरून देऊ.” मी पैसे घेतले नाहीत, पण घेतले नाहीत याचंही मला कौतुक वाटलं होतं. अण्णा दारात उभे होते. काही बोलले नाहीत.

या वेळी मात्र मी ठरवलं, दार रंगवायचं नाही. हे काम शिकायचंच. भोसरीच्या बाजूला एका भंगारवाल्याकडून सहाशे रुपयांत जुनं दार आणलं आणि फ्लॅटच्या बाल्कनीत टेकवलं. घरच्यांनी काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. सळ्या मागवल्या. पहिले तीन आठवडे मी फक्त नुकसान केलं. जोरात दाबायचे, खड्ड्याशेजारी टेंगूळ यायचं. एकदा रंगच तडकला, केसासारखी रेघ. मग एका कारागिराला विनंती करून एक अख्खा शनिवार त्याच्या शेजारी बसले. तासभर माझं बघून तो म्हणाला, “ताई, जोर नका लावू. जागा शोधा.”

तेच खरं काम आहे. सळीचं टोक आत नेमकं कुठे आहे, हे आधी पट्टीच्या हलण्यावरून शोधायचं. मग खड्ड्याच्या कडेपासून सुरुवात करून गोल गोल आत यायचं. एका वेळी एवढंसंच, की डोळ्याला कळू नये. प्रत्येक दाबानंतर दिवा बघायचा. जास्त वर आलं तर नायलॉनच्या टोकाने बाहेरून हलकेच खाली बसवायचं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नव्या मुलांना हेच सांगतो: एक छोटा बदल, लगेच तपासणी. मी ते दहा वर्षं इतरांना सांगत होते आणि स्वतः दाराला ढकलत होते. आणि हो, बाई, त्या शनिवारी मला तुमचा टॉवेल आठवला. समोरचं काम जपायचं असेल तर मागून हात घालायचा.

दिवाळीत साताऱ्याला गेले ती सळ्या आणि दिवा घेऊन. संध्याकाळी ऊन उतरल्यावर अंगणात गाडी घेतली, दाराशेजारी पाट टाकून बसले, दिवा लावला. काम सुरू करण्याआधी पोचा वाचायचा असतो. कुठून आला, कुठे खोल, कुठे घडी. मी वाचू लागले आणि थांबले.

उभ्या गाडीला सायकलचं हँडल लागलं तर एका जागी लहानसा, खोल खड्डा पडतो. हा तसा नव्हता. पुढच्या बाजूला तो जेमतेम सुरू होत होता आणि मागे जाता जाता खोल होत होता. म्हणजे वस्तू जागेवर होती आणि गाडी पुढे जात होती. दिवा तिरका धरला तर ओरखड्यात बारीक हिरवी रेघ दिसली. आमच्या गेटला हिरवा ऑइलपेंट आहे. मी टेप घेतली. पोच्याची उंची जमिनीपासून ७१ सेंटिमीटर. गेटची कडी, ७१ सेंटिमीटर. कडीच्या टोकाला चंदेरी रंग.

अण्णा चहा घेऊन आले तेव्हा टेप माझ्या हातातच होती.

“अण्णा, हे सायकलचं नाही.”

“नाही.”

“कधी झालं?”

“चतुर्थीच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी आत घेताना. कडी दिसलीच नाही.”

“मग सांगितलं का नाही?”

त्यांनी कप ओट्यावर ठेवला. “तू किल्ली काढून घेतली असतीस.”

मला नाही म्हणता आलं नाही. घेतलीच असती. आणि पुढे तासभर सुनावलंही असतं. त्यांनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच खोटं सांगितलं होतं, आणि त्याचा ठोका एका सातवीतल्या मुलाला बसला होता; तो मारणारी मी.

त्या रात्री काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आणि मी शेजारी गेलो. आधी अण्णाच बोलले, मला बोलू दिलं नाही. मुलाची आई म्हणाली, “जाऊ द्या हो, होतं.” मुलगा काही म्हणाला नाही, आत निघून गेला. मला वाटतं तेच बरोबर होतं. माफी मागितली की समोरच्याने लगेच द्यावीच असं थोडंच आहे. तिसऱ्या संध्याकाळी मी पाटावर बसले होते, एका हाताने सळी, एका हाताने दिवा, आणि दोन्ही नीट जमत नव्हतं. तो कुंपणापाशी बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, “मावशी, लाईट मी धरू?”

पोच्याला पाच संध्याकाळी लागल्या. त्याला पट्टी वाकलेली माझ्याआधी दिसायची. अण्णांना पट्ट्या दिसत नव्हत्या, पण ते पातळ फडकं घालून त्यावरून तळवा फिरवायचे आणि सांगायचे, “इथे अजून आहे.” आणि असायचं. पट्ट्या का दिसत नाहीत, हा प्रश्न तिथेच पुढे आला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दोन्ही शस्त्रक्रिया झाल्या. आता अण्णा डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसा गाडी चालवतात, अंधार पडल्यावर नाही. ते त्यांनी स्वतः ठरवलं. किल्ली त्यांच्याच खुंटीवर आहे.

तुम्हाला उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगून संपवते.

एक, पोचा आला की लगेच ठोकू नका. मोबाईलचा टॉर्च तिरका धरून रंग बघा, नख फिरवा. रंग तडकला किंवा उडाला नसेल तर रंग न काढता दुरुस्ती होण्याची चांगली शक्यता आहे. तडकला असेल तर रंगवावंच लागेल, पण तोवर उघड्या पत्र्यावर टच-अप लावा. पावसाळा आणि कोकणातली खारी हवा थांबत नाही.

दोन, पोचा कुठे आहे ते बघा. दाराच्या मध्यावरचा उथळ पोचा सोपा. दाराची कड, पत्र्याची घडीची रेघ, किंवा मागून सळी पोचत नाही अशी जागा अवघड. मागून जाता येत नसेल तर बाहेरून खास डिंक लावून ओढतात, पण तो फक्त मूळ रंगावर. आधी पुट्टी भरलेली असेल तर रंगच उचकटून येतो. पुट्टी ओळखायची तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. पुट्टीवर ते ढिलं धरतं. कुठेच चिकटलं नाही तर पत्रा ॲल्युमिनियमचा असेल. त्याला वेगळा हात लागतो.

तीन, मोबाईलवर येणारे उपाय. उकळतं पाणी ओता, मग बर्फ लावा. प्लास्टिकच्या बंपरला गरम पाण्याने फायदा होतो, कारण प्लास्टिक मऊ होतं आणि मागून हाताने ढकलता येतं. पत्र्याला त्याने फारसं काही होत नाही, आणि एकदम गरम-थंड केल्याने रंगावर ताण मात्र येतो. थंडीत काम करताना रंग कोमट असावा एवढं खरं. त्याला सकाळचं ऊन पुरतं. टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात. जातात, कारण ती पारदर्शक थर घासून टाकते. तो थर मोजका असतो.

चार, लगेच विम्याचा दावा करू नका, आधी गणित मांडा. एक वर्ष दावा केला नाही तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्के सूट मिळते, ती वाढत जाऊन पाच वर्षांनी ५० टक्के होते. एका दाव्याने ती साधारणपणे शून्यावर येते. वर हजार-दोन हजार आपल्याच खिशातून जातात. लहान पोच्यासाठी हा व्यवहार बहुधा तोट्याचा.

आणि स्वतः करून बघायचं असेल तर आधी भंगारातलं दार आणा. दाराच्या आत वायरी असतात, काचेची मोटर असते, धडकेपासून वाचवणारी आडवी पट्टी असते, काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सरही असतात. आपल्या चालत्या गाडीवर पहिला हात आजमावू नका.

अण्णांच्या गाडीचा पोचा पूर्ण गेला का? नाही. साडेपाचच्या तिरक्या उन्हात, एका ठिकाणी उभं राहिलं तर रुपयाएवढी जागा अजून हलताना दिसते. मी आणखी दाबायला निघाले होते. अण्णा म्हणाले, “राहू दे. रंग आहे ना?” आणि रंग आहे. २०१२ चा.

त्यांनी गाडी अजूनही डावी बाजू भिंतीकडे करून लावलेली असते. ते पुट्टीचं दार मी घाईत करून घेतलेलं. त्याला काही इलाज नाही. तो रंग गेला.

चहाची वेळ झाली आहे. पट्ट्यांचा दिवा मी गाडीत आणला आहे. ज्यांना आपला पोचा दाखवायचा असेल त्यांनी चहानंतर मैदानावर या. हात लावणार नाही, फक्त बघून सांगेन. पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी आधी यावं.